लेखनप्रमादाचा इतिहास : रुमालापासून सर्व्हरपर्यंत

१/ यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेस, वणीच्या खाली आणि पैनगंगेच्या अलीकडे, मुकुटबन हे गाव आहे. काळी कापसाची जमीन, तिच्या पोटात कोळसा आणि चुनखडी, आणि बाजारात मराठीच्या जोडीने तेलुगू, गोंडी, कोलामी. या गावातील एखाद्या शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर आडनावातील एक अक्षर चुकले किंवा क्षेत्रातील दशांशचिन्ह एक घर सरकले, तर पीककर्ज अडते, विमा अडतो, भूसंपादनाचा मोबदला दुसऱ्याच्या खात्यावर जाण्याची वेळ येते. जमीन जागेवरच असते. चूक नोंदीत झालेली असते.

ही चूक कोण शोधतो, कशाशी ताडून पाहतो आणि कोणत्या अधिकाराने दुरुस्त करतो? या प्रश्नाला महाराष्ट्रात निदान तीनशे वर्षांचा इतिहास आहे. आजचा धागा त्याच्यावर. 🧵

२/ प्रथम दोन शब्द. संगणकाच्या जगात चुकीला ‘बग’ म्हणतात. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्ड विद्यापीठाच्या ‘मार्क २’ या यंत्रात एक पतंग अडकलेला सापडला. तंत्रज्ञांनी तो काढला आणि चिकटपट्टीने नोंदवहीत डकवून ठेवला. ‘बग’ हा शब्द त्याआधीपासूनच अभियंत्यांच्या बोलण्यात होता. एडिसनच्या एकोणिसाव्या शतकातील पत्रव्यवहारातही तो आढळतो.

या प्रसंगातील महत्त्वाची वस्तू पतंग नव्हे, नोंदवही. चूक सापडली, काढली आणि ती कधी, कुठे सापडली हेही लिहून ठेवले. दुसरा शब्द ‘बॅकअप’, म्हणजे मूळ नष्ट झाले तर वापरायची राखीव प्रत. दोन्ही कल्पना संगणकाहून जुन्या आहेत. आपल्या कायद्याच्या मराठीत पहिल्या कल्पनेला एक सुंदर शब्द आहे : लेखनप्रमाद.

३/ पुण्याच्या पेशवे दफ्तरात शिरू या. हुजूर दफ्तराचे मोठे दोन भाग होते. एक ‘चालते दफ्तर’, म्हणजे रोजचे हुकूम, सनदा आणि जमाखर्च यांचे चालू काम. दुसरे ‘एकबेरीज दफ्तर’. सगळीकडून आलेले हिशेब वर्गवार लावणे, त्यांची बेरीज-तपासणी करणे, ताळेबंद आणि खतावण्या तयार करणे आणि हे सर्व जपून ठेवणे हे त्याचे काम.

चालू व्यवहार एका जागी आणि तपासून लावलेले अभिलेख दुसऱ्या जागी, ही विभागणी आजच्या कोणत्याही डेटाबेस सांभाळणाऱ्याला ओळखीची वाटेल. कागद कापडाच्या रुमालात बांधले जात. पुणे पुराभिलेखागारात आजही दफ्तर ‘रुमालां’नीच मोजतात.

४/ यापेक्षा महत्त्वाची गोष्ट गावपातळीवर होती. गावाचे कागद कुलकर्ण्याकडे. परगण्याचे देशपांड्याकडे. त्यावरचे सरकारी कचेरीत आणि शेवटी हुजुरात. वऱ्हाडात कुलकर्ण्याच्या जागी पटवारी किंवा पांड्या हा शब्द रूढ होता.

एकाच गावाच्या जमाबंदीची माहिती अशी निरनिराळ्या हातांत, निरनिराळ्या ठिकाणी राहत असे. कुलकर्ण्याने आकडा फिरवला तर देशपांड्याच्या कागदाशी तो विसंगत ठरे. आजच्या तंत्रज्ञांचा एक सोपा नियम आहे : माहितीच्या तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर ठेवा आणि एक प्रत दूरच्या ठिकाणी ठेवा. जुन्या व्यवस्थेत माध्यम एकच होते, कागद. प्रती मात्र अनेक होत्या आणि त्या सांभाळणारे एकमेकांच्या ताब्यात नव्हते.

५/ मग ती व्यवस्था ढासळली कशी? १८१८ नंतर इंग्रज अधिकाऱ्यांनी दफ्तराची पाहणी केली तेव्हा त्यांना आढळले, की अठराव्या शतकातील हिशेब पुष्कळसे नीट लावलेले आहेत. दुसऱ्या बाजीरावाच्या काळातील मात्र विस्कळीत आहेत.

कारण समजण्याजोगे आहे. बाजीरावाने महसूल मक्त्याने द्यायला सुरुवात केली. ठरलेली रक्कम मक्तेदाराकडून आली की गावोगावच्या बारीक हिशेबाची वरिष्ठांना गरज उरेना. जे कोणी वाचत नाही, ते कोणी तपासत नाही. आणि जे तपासले जात नाही, ते हळूहळू नीट लिहिलेही जात नाही. त्यासाठी आग लागावी लागत नाही, की पूर यावा लागत नाही.

६/ वऱ्हाडची कथा आणखी गुंतागुंतीची. अठराव्या शतकात येथे ‘दुअंमली’ होती. एकाच गावाच्या वसुलावर निजाम आणि नागपूरकर भोसले अशा दोन सत्तांचा हक्क होता. १८०३ च्या देवगावच्या तहाने भोसल्यांचा अंमल संपला आणि प्रदेश निजामाकडे राहिला. १८५३ च्या तहाने हैदराबाद कंटिन्जंटच्या खर्चापोटी तो इंग्रजांच्या व्यवस्थापनाखाली गेला. १९०२ मध्ये कायमचा पट्टा झाला आणि १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला.

आजच्या यवतमाळ जिल्ह्याचे त्या काळातील इंग्रजी कागदांतले नाव ‘वुन’, म्हणजे आपले वणी. १९०५ च्या पुनर्रचनेत यवतमाळ हे नाव आले. मुकुटबनच्या जुन्या नोंदी शोधणाऱ्याने हा नामबदल लक्षात ठेवला नाही, तर नोंद असूनही सापडणार नाही.

७/ आता एका फसलेल्या प्रणालीकडे वळू. १८२७ च्या सुमारास रॉबर्ट कीथ प्रिंगल या मुलकी अधिकाऱ्याकडे दख्खनच्या जमीनमोजणीचे काम आले. त्यांची पद्धत कागदावर अत्यंत शास्त्रशुद्ध होती. रिकार्डोच्या अर्थशास्त्रावर तिचा पाया होता. प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे एकूण उत्पन्न काढायचे, त्यातून लागवडीचा खर्च वजा करायचा आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सरकारी सारा ठरवायचा.

सूत्र निर्दोष होते. त्यात भरले जाणारे आकडे मात्र नव्हते. उत्पन्नाचे आणि खर्चाचे अंदाज हजारो शेतांसाठी खालच्या कर्मचाऱ्यांनी करायचे होते. त्यांच्यावर देखरेख अपुरी होती आणि लाच घेऊन प्रत बदलणे सोपे होते.

८/ परिणाम शेतात दिसला. अवर्षण, धान्याच्या उतरलेल्या किमती आणि त्यात न झेपणारा सारा. इंदापूर तालुक्यात शेतकरी जमिनी सोडून निघून गेले. कागद व्यवस्थित होते, रकाने भरलेले होते, बेरजा जुळत होत्या. जमीन पडीक पडत होती. प्रणालीला आपली चूक कळण्याचा एकही मार्ग प्रणालीच्या आत नव्हता. ती रिकाम्या गावांनी सांगितली.

१८३५ मध्ये एच. ई. गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट जॉर्ज विंगेट यांनी इंदापुरात नव्याने काम सुरू केले. त्यांनी निव्वळ उत्पन्नाचे सूत्र सोडून दिले. जमिनीची सापेक्ष प्रत आण्यांत ठरवायची, पूर्वीच्या वसुलाचा अनुभव पाहून तालुक्याचा एकूण दर ठरवायचा आणि तो ३० वर्षे बदलायचा नाही, अशी साधी पद्धत त्यांनी स्वीकारली.

९/ तीस वर्षांच्या हमीइतकीच त्यांची पडताळणीही महत्त्वाची होती. मोजणीदाराने मोजलेल्या शेतांपैकी काही शेते वरिष्ठाने स्वतः पुन्हा मोजायची आणि दोन आकडे ताडून पाहायचे, हा कामाचा भागच झाला. १८४७ च्या संयुक्त अहवालात, ज्यावर डेव्हिडसन यांचीही सही आहे, ही पद्धत नियमबद्ध झाली.

आपल्या बोलण्यातला ‘गुंठा’ याच मोजणीने पक्का केला. साखळी ३३ फुटांची आणि तिचे १६ आणे. साखळी गुणिले साखळी म्हणजे १,०८९ चौरस फूट, तो एक गुंठा. ४० गुंठ्यांचा एकर. ‘सर्व्हे नंबर’ आणि शेताच्या हद्दीचे दगडही तेव्हापासून सर्वत्र आले. नोंद कागदावर आणि तिची साक्ष बांधावर, अशी ही जोडी. कागद हरवला तरी दगड उरत असे.

१०/ वऱ्हाडात ही मुंबई पद्धतीची मोजणी १८६१ पासून सुरू झाली. शेजारच्या मध्य प्रांतात मालगुजारी व्यवस्था असताना वऱ्हाडात मात्र थेट रयतवारी आली. म्हणून वर्धा नदीच्या अलीकडची आणि पलीकडची महसुली भाषा पुढे दीर्घकाळ वेगळी राहिली. वऱ्हाडात गायरानाला आजही ‘ई-क्लास’ म्हणतात. हा जुन्या वर्गवारीचा उरलेला ठसा आहे. मुकुटबनच्या परिसरात एखादा वृद्ध ‘ती ई-क्लासची जागा’ म्हणतो, तेव्हा तो नकळत एका जुन्या नोंदवहीचा रकाना उच्चारत असतो.

११/ विसाव्या शतकाच्या आरंभी आणखी एक उणीव लक्षात आली. मोजणीच्या कागदावर सारा कोण भरतो हे होते. जमिनीवर हक्क कोणाकोणाचे आहेत हे नव्हते. १९०३ च्या मुंबईच्या कायद्याने अधिकार-अभिलेख सुरू झाला आणि १९१३ मध्ये तो जमीन महसूल कायद्याचाच भाग बनला. पुढे एफ. जी. हार्टनेल अँडरसन या अधिकाऱ्याने गावच्या हिशेबांची नियमपुस्तिका तयार केली. गाव नमुना १ ते २१ ही रचना आजही मुख्यतः त्याच पुस्तिकेवर उभी आहे.

नमुना ७ म्हणजे हक्कांची नोंद, नमुना १२ म्हणजे पिकांची. दोन्ही एका कागदावर, म्हणून सातबारा. नमुना ८-अ म्हणजे खातेदाराच्या सर्व जमिनींची यादी. नमुना १ म्हणजे आकारबंद, ज्यात प्रत्येक सर्व्हे नंबरचे क्षेत्र आणि आकारणी असते. आणि नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवही.

१२/ इतिहासाच्या आणि संगणकाच्या विद्यार्थ्यांनी येथे थोडे थांबावे. सातबारा ‘आज काय आहे’ ते सांगतो. फेरफार ‘हे असे का झाले’ ते सांगतो. खरेदी, वारस, वाटणी, बोजा, प्रत्येक बदलाला क्रमांक मिळतो आणि तो क्रमांक सातबाऱ्यावर नावाशेजारी लिहिला जातो. जुने नाव पूर्वी खोडत नसत. त्याला कंस करत आणि नवे नाव लिहीत. जुने वाचता येते, पण ते आता लागू नाही, हेही कळते.

आधुनिक डेटाबेस हेच करतो. बदल आधी एका अनुक्रमित नोंदवहीत लिहायचा आणि मग मुख्य तक्त्यात लावायचा. यंत्र मध्येच बंद पडले, तर जुनी राखीव प्रत घ्यायची आणि तिच्यावर नोंदवहीतील बदल क्रमाने पुन्हा लावत आजच्या स्थितीपर्यंत यायचे. एखाद्या गावाचे सगळे सातबारे जळाले आणि जुना आकारबंद व अखंड फेरफार नोंदवही उरली, तर तत्त्वतः ते पुन्हा उभे करता येतात. उलट सातबारे उरले आणि फेरफार गेले, तर नाव राहते. ते कसे आले, हे सांगणारे काही राहत नाही.

१३/ बदल लावण्याची रीतही विचारपूर्वक घडवलेली आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६, हा १५ ऑगस्ट १९६७ पासून अमलात आला. त्याच्या कलम १५० नुसार तलाठी नोंद लिहितो, हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी मुदत मिळते आणि प्रमाणित करतो तो मंडळ अधिकारी. लिहिणारा आणि मंजूर करणारा एक नसतो. हरकत आली तर प्रकरण वेगळ्या नोंदवहीत जाते.

कलम १५७ सांगते, की प्रमाणित नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानावी. म्हणूनच चूक महाग पडते. आणि कलम १५५ हे लेखनप्रमादाचे कलम. लिहिताना झालेली किंवा पक्षांनी मान्य केलेली चूक दुरुस्त करता येते. मात्र तपासणीत अधिकाऱ्यालाच ती आढळली, तरी संबंधितांना नोटीस देऊन त्यांचे म्हणणे ऐकल्याशिवाय हात लावता येत नाही. या कलमाखाली मालकीचा वाद मिटवता येत नाही, हे न्यायालयांनी पुनःपुन्हा सांगितले आहे. दुरुस्तीच्या नावाखाली हक्कच बदलला, तर ती दुरुस्ती राहत नाही.

१४/ तरीही चुका झाल्याच. त्यांचा एक मोठा उगम नक्कल करण्यात होता. हस्तलिखित सातबाऱ्यात जागा संपत असे, म्हणून ठरावीक वर्षांनी त्याचे पुनर्लेखन होई. चालू नोंदी नव्या कागदावर उतरवायच्या. उतरवताना इतर हक्कांतील एखादे कूळ, एखादी विहिरीची वाट, एखाद्या बहिणीचे नाव गळे. खोडलेले दिसते, गळलेले दिसत नाही.

दुसरा उगम राजकीय पुनर्रचनेत होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. मुंबईची, हैदराबादची आणि मध्य प्रदेशची अशा तीन महसुली भाषा एका राज्यात आल्या. विदर्भात १९५४ च्या मध्य प्रदेश कायद्यातील ‘भूमिस्वामी’ आणि ‘भूमिधारी’ हे शब्द होते. १९६६ च्या अधिनियमाने त्यांना भोगवटादार वर्ग १ आणि वर्ग २ या चौकटीत बसवले. वर्ग २ म्हणजे हस्तांतरणावर निर्बंध. एका आकड्याच्या चुकीने निर्बंध निसटू शकतो किंवा नसलेला निर्बंध येऊन बसू शकतो.

१५/ जुनी प्रत कोणाला लागते? याचे उत्तर झरी-जामणीसारख्या तालुक्यात फार स्पष्ट आहे. येथे गोंड आणि कोलाम वस्ती मोठी आहे. कोलाम ही महाराष्ट्रातील तीन विशेष असुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक. इतर दोन कातकरी आणि माडिया गोंड. आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनी परत मिळवून देण्यासाठी १९७४ मध्ये राज्याने कायदा केला. त्याची कक्षा १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळातील हस्तांतरणांची.

म्हणजे दावा करणाऱ्याला नेमक्या त्या सतरा वर्षांतील फेरफार दाखवावा लागतो. तो कागद वाळवीने खाल्ला असेल किंवा पुनर्लेखनात क्रमांक चुकला असेल, तर कायदा पुस्तकात राहतो आणि जमीन दुसऱ्याकडे. २००६ च्या वनहक्क कायद्यातही तसेच. अन्य पारंपरिक वननिवासींना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, रहिवास दाखवावा लागतो. ज्यांच्याकडे स्वतःचे दफ्तर कधीच नव्हते, त्यांचा सगळा आधार सरकारी प्रतीवर असतो.

१६/ आता संगणक. केंद्र सरकारने १९८८-८९ मध्ये भूमिअभिलेखांच्या संगणकीकरणासाठी देशातील आठ जिल्हे निवडले : रंगारेड्डी, सोनितपूर, सिंहभूम, गांधीनगर, मुरैना, मयूरभंज, डुंगरपूर आणि महाराष्ट्रातून वर्धा. यवतमाळच्या शेजारचा जिल्हा! विदर्भाचा मान या इतिहासात आरंभापासून आहे, हे फारसे सांगितले जात नाही.

त्या काळात युनिकोडचा प्रसार नव्हता. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ ही संकेतप्रणाली आणि तिच्याभोवतीचे निरनिराळे फाँट वापरले जात. अशी जुनी माहिती नव्या संकेतात नेताना रफार सरकतो, जोडाक्षर फुटते, वेलांटी भलत्या अक्षराला लागते. कोलामी, गोंडी किंवा तेलुगू वळणाचे आडनाव मराठी सवयीने टंकित करताना तर चूक दुप्पट संभवते. माणसाला दोन्ही रूपे एकाच व्यक्तीची वाटतात. यंत्राला ती दोन माणसे वाटतात.

१७/ २००८ मध्ये राष्ट्रीय भूमिअभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम आला. महाराष्ट्रात ‘ई-फेरफार’ ही ऑनलाइन प्रणाली उभी राहिली आणि तेव्हा जुन्या चुका एकदम उजेडात आल्या. हस्तलिखित सातबारा एक सांगतो, संगणकीकृत दुसरे. ‘सर्व्हर डाउन’ हे दोन शब्द तलाठी कार्यालयात मराठी झाले ते याच काळात.

दुरुस्तीसाठी ‘एडिट’ आणि पुढे ‘री-एडिट’ अशी सोय आली. २०१७ मध्ये राज्यभर चावडी वाचन झाले. संगणकातील सातबारा गावासमोर मोठ्याने वाचायचा आणि लोकांनी चुका सांगायच्या. तलाठी, मंडळ अधिकारी आणि तहसीलदार यांनी पडताळणीच्या घोषणापत्रांवर सह्या करायच्या. प्रिंगलच्या पद्धतीत नव्हते ते हेच : ज्याच्या शेताबद्दल लिहिले आहे, त्याला ते ऐकवणे.

१८/ यंत्रालाही काही चुका स्वतः पकडता येतात. एका सातबाऱ्यावरील सर्व खातेदारांच्या क्षेत्राची बेरीज त्या सातबाऱ्याच्या एकूण क्षेत्राएवढी यायला हवी. ती बेरीज आकारबंदाशी जुळायला हवी. नावासमोर फेरफार क्रमांक हवा. असा मेळ न बसणारे सातबारे शोधून काढणारे अहवाल प्रणालीत तयार झाले आणि ते ‘निरंक’ करणे हे तालुक्यांचे काम ठरले. एकबेरीज दफ्तरातील कारकून ताळेबंद जुळवताना हेच करत होता.

पण बेरजेची मर्यादाही ओळखावी. दोन भावांची क्षेत्रे एकमेकांच्या नावावर गेली तर बेरीज अचूक येते आणि नोंद संपूर्ण चूक असते. ती फक्त बांधावरचा माणूस पकडू शकतो.

१९/ २१ जून २०१२ ही तारीख महाराष्ट्राच्या अभिलेखांच्या इतिहासात कायमची आहे. मुंबईत मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर आग लागली आणि वरच्या मजल्यांपर्यंत पसरली. पाच जणांचा मृत्यू झाला. अनेक विभागांच्या फायली राख झाल्या. त्यानंतर प्रत्येक विभागापुढे एकच प्रश्न होता : याची दुसरी प्रत कुठे आहे? ज्यांचे कागद आधी स्कॅन झाले होते किंवा ज्यांचा पत्रव्यवहार जिल्हा कार्यालयांत होता, त्यांना फाइल पुन्हा उभी करता येणार होती. जुने तत्त्व नव्याने पटले. प्रत असून भागत नाही, ती वेगळ्या छपराखाली असावी लागते.

दूरच्या प्रतीचे मोल २०२३ मध्येही दिसले. मराठवाड्यातील जुन्या कुणबी नोंदींचा शोध घेणारी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती निजामकालीन कागदांसाठी हैदराबादला गेली. राज्ये बदलली, सीमा बदलल्या. कागद जुन्या राजधानीत होते.

२०/ प्रत असली म्हणजे निर्धास्त व्हावे काय? ३१ जानेवारी २०१७ ची एक घटना जगभरच्या तंत्रज्ञांना पाठ आहे. ‘गिटलॅब’ ही प्रोग्राम लिहिणाऱ्यांचे काम सांभाळणारी सेवा. तिच्या मुख्य डेटाबेसची जुळी प्रत मागे पडत होती. रात्री उशिरापर्यंत झटणाऱ्या अभियंत्याने जुळ्या यंत्रावरची माहिती पुसण्याचा आदेश दिला. तो आदेश चुकून मुख्य यंत्रावर चालला. क्षणात चूक लक्षात आली. तोवर सुमारे ३०० जीबीपैकी ४.५ जीबीच उरले होते.

त्यांच्याकडे राखीव प्रती घेण्याच्या एक नव्हे, पाच वाटा होत्या. एकीचाही तत्काळ उपयोग झाला नाही. रोज प्रत घेणारे ‘पीजी-डम्प’ हे साधन डेटाबेसपेक्षा जुन्या आवृत्तीचे चालत होते : डेटाबेस ९.६, साधन ९.२. आवृत्ती जुळत नसल्याने ते दररोज अपयशी ठरत होते आणि प्रतीची जागा रिकामी होती.

२१/ मग कोणाला कळले कसे नाही? अपयशाची सूचना ईमेलने जात होती. त्या ईमेलवर आवश्यक ती अधिकृततेची खूण नव्हती, म्हणून मेल सर्व्हर ती स्वीकारतच नव्हता. म्हणजे प्रत घेणारा बिघडला होता आणि बिघाड सांगणाराही बिघडला होता. दोन लहान चुकांनी मिळून एक मोठे मौन तयार झाले.

शेवटी वाचवले ते योगायोगाने. चाचणीच्या कामासाठी सुमारे सहा तास आधी कोणी हाताने एक प्रत काढली होती. तिच्यावरून सेवा पूर्ववत व्हायला सुमारे १८ तास लागले. मधल्या सहा तासांतील डेटाबेसमधील काम गेले. गिटलॅबने दुरुस्ती लोकांसमोर थेट दाखवली आणि पुढे संपूर्ण कारणमीमांसा प्रसिद्ध केली. पतंग नोंदवहीत डकवण्याचीच ती परंपरा.

२२/ या घटनेतून तीन गोष्टी शिकता येतात आणि तिन्ही आपल्या इतिहासात सापडतात.

जुळी प्रत आणि राखीव प्रत वेगळ्या. जुळी प्रत मुख्य यंत्रातील प्रत्येक बदल तत्काळ उतरवते, म्हणून चुकून केलेले पुसणेही उतरवते. राखीव प्रत काल काय होते ते धरून ठेवते.

प्रत परत उभी करून पाहिल्याशिवाय ती आहे असे मानू नये. बाजीरावाच्या काळातही दफ्तर होते. पण ते उघडून कोणी हिशेब मागत नव्हते.

आणि बिघाडाची बातमी पोहोचते की नाही, हे स्वतंत्रपणे तपासावे. प्रिंगलच्या कचेरीत इंदापूरची तक्रार वेळेवर पोहोचली असती, तर कितीतरी शेते पडीक पडली नसती.

२३/ १ मे २०१८ पासून महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. १५ ऑगस्ट २०२१ पासून ‘ई-पीक पाहणी’ राज्यभर आली आणि शेतकरी स्वतः आपल्या पिकाची नोंद करू लागला. सोय मोठी आहे. पण डिजिटल स्वाक्षरी नेमके काय सिद्ध करते, ते समजून घ्यावे. हा दस्त अधिकृत साठ्यातून आला आणि वाटेत बदललेला नाही, एवढे ती सांगते. साठ्यात शिरतानाच अक्षर चुकले असेल, तर त्या चुकीवरही तितकीच अस्सल स्वाक्षरी उमटते.

म्हणून स्कॅन केलेला जुना हस्तलिखित फेरफार, भूमिअभिलेख कार्यालयातील आकारबंद आणि बांधावरचा दगड यांचे महत्त्व संगणकाने कमी झालेले नाही. चूक शोधायला दुसरा साक्षीदार लागतो.

२४/ आता वाचकहो, एक काम आपल्यासाठी. घरच्या जमिनीचा आजचा सातबारा काढा. त्यावरील फेरफार क्रमांक लिहून घ्या आणि एकेक फेरफार मागे मागे वाचत जा. आजोबांचे वारस, पणजोबांची खरेदी, मध्येच फेडलेला सोसायटीचा बोजा, हक्क सोडलेल्या आत्याची सही. ज्याला आपण रूक्ष महसुली कागद म्हणतो, तो बहुतेक मराठी कुटुंबांचा एकमेव सलग लिखित इतिहास आहे. क्षेत्राची बेरीज करून पाहा. नावे मोठ्याने वाचा, शक्य तर घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीसमोर. काही खटकले तर तहसील कार्यालयात लेखी अर्ज करा आणि त्याची पोच जपून ठेवा.

२५/ मुकुटबनच्या जमिनीखाली कोळसा आणि चुनखडी आहे, म्हणून तिच्यावर हक्क कोणाचा हा प्रश्न पुढेही वारंवार विचारला जाईल. प्रत्येक वेळी उत्तर एखाद्या नोंदीतून द्यावे लागेल. ती नोंद बरोबर असेल तर त्यामागे एखाद्या तलाठ्याने (आताच्या पदनामाने ग्राम महसूल अधिकाऱ्याने) ताडून पाहिलेली बेरीज असेल, एखाद्या तंत्रज्ञाने रात्री परत उभी करून पाहिलेली प्रत असेल आणि चावडीवर ‘हे नाव चुकले आहे’ असे उभे राहून सांगणारा एखादा कोलाम शेतकरी असेल. इतिहासात या तिघांची नावे सहसा येत नाहीत. इतिहास लिहिता येतो तो मात्र त्यांच्यामुळे.

धागा समाप्त. आपल्या गावच्या जुन्या कागदांत एखादा मजेशीर किंवा महाग पडलेला लेखनप्रमाद सापडला असेल, तर नावे वगळून खाली जरूर लिहा. 🙏